मेथीने लिंपलेलं सूप

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कारखान्यात होतो. शिवाजीनगरच्या घरी पोचलो, तर दारामागे खिळ्याला तिचं सूप तसंच टांगलेलं... महिना झाला, अजून उतरवलेलं नाही.

त्या सुपावर आमचं घर चाललं, हे सांगताना मला लाज नाही वाटत, अभिमान वाटतो. आई लवकर गेली, वडिलांची शिलाई थंडावली. मग माझी थोरली बहीण, अक्का, शाळा सोडून दुकानदारांचं धान्य पाखडू लागली. मिळालेल्या कण्यांचा भात खाऊन मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. नवं सूप परवडायचं नाही. भिजवलेली मेथी आणि जुने कागद एकत्र वाटून तो लगदा अक्का जुन्या सुपावर लिंपायची, उन्हात वाळवायची. दुपारभर घरात कडसर वास... तो मला अजून स्वप्नात येतो.

पुढे विमानांच्या कारखान्यात लागलो. काचेच्या धाग्यांचं कापड चिकट राळेत भिजवायचं, थरावर थर द्यायचे, आणि वाळवून विमानाच्या नाकावरची टोपी करायची, हे आमचं नवं काम. दोन टोप्या चाचणीत तडकल्या. साहेब म्हणाले, तिसरी तडकली तर हा विभाग बंद, पुन्हा पत्राच ठोकू. त्या संध्याकाळी मी तसाच घरी आलो.

"काय रे पदवीधर, तोंड का उतरलंय?" अक्का सूप लिंपत होती. मी सगळं सांगितलं, तशी ती हसलीच. "म्हणजे एवढं शिकून तूही सूपच लिंपतोस!"

"तुझं सूप आभाळात जात नाही, अक्का."

"नाही जात, पण तडकतं की! मागच्या खेपेला जाड लिंपलं, म्हटलं टिकेल. सगळ्या खपल्या निघाल्या. आता पातळच लावते."

मी एक खपली उचलून उजेडात धरली आणि बघत राहिलो... सुपाचा बांबू मात्र शाबूत होता. मजबुतीसाठी आम्हीही राळ ओततच गेलो होतो. खरं तर भार पेलायचा धाग्यांनी. राळेने त्यांना नुसतं धरून ठेवायचं. नुसती राळ तडकते, नुसतं कापड लुळं पडतं. तिसऱ्या टोपीला धागे एका थरात उभे, दुसऱ्यात आडवे घातले, सुपाच्या विणीसारखे, आणि जादा राळ रूळ फिरवून काढून टाकली.

त्यानंतर कुठलंही विमान वरून गेलं की अक्का हातातल्या सुपासकट अंगणात यायची. "हे आपलं का रे?" मी दर वेळी "हो" म्हणायचो... काल एक अगदी खालून गेलं. घर थरथरलं, आणि दारामागे सूप भिंतीवर हलकेच वाजलं.

तिसरी टोपी तडकली नाही. ती बसवलेलं विमान अजून उडतं आहे.