एका दुकानातले अर्ज

सोनमचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. पाणी, डबे, मग घराजवळच्या सोडाल्याहून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या विद्याधर नगरची बस. तिथल्या एका धर्मादाय संस्थेची वेबसाइट ती सांभाळायची. श्रवणयंत्र फुकट मिळावं म्हणून लोक तिथं अर्ज भरत. बॉटही भरत. बॉट म्हणजे आपोआप अर्ज घुसडणारा प्रोग्राम. जुगाराच्या जाहिराती, खोटी नावं. त्यात खरा अर्ज सापडेना.

आधी तिनं वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावली. म्हाताऱ्यांनाच ती वाचता येईनात. मग नियम घातला: एकाच इंटरनेट जोडणीवरून दोनाहून जास्त अर्ज आले, की पुढचे सगळे बाद. कचरा थांबला. संस्थेचे प्रमुख जयंतसर खूश झाले.

यंत्र मिळणाऱ्यांची यादी लागली त्या संध्याकाळी तिचे वडील भीमराव दारातच उभे होते. रेल्वेच्या कारखान्यात हातोड्यांच्या आवाजात त्यांचे कान गेले होते.

"माझं नाव नाही!"

"अर्ज कुठून भरलात, बाबा?"

"काय?"

"अर्ज! कुठून?"

"योगेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून. आम्ही सगळे पेन्शनवाले तिथंच भरतो."

"मला का नाही सांगितलं?"

"मुलीच्या हापिसातून वशिला? रांगेत उभा राहिलो मी."

दुकान एक, जोडणी एक. तिच्याच नियमानं बाप बॉट ठरला होता.

सकाळी तिनं सरांना सांगितलं. "माणसं खरी आहेत. चूक माझी."

"यंत्रं वाटून झाली. पुढच्या वर्षी ऐकतील."

"तोवर काय ऐकायचं त्यांनी? तुमचं भाषण?"

सर लाल झाले. ती हलली नाही. बाद झालेले अर्ज पुढच्या यादीत सगळ्यात वर घ्यायला लावूनच उठली.

तो नियम तिनं उपटून टाकला. अर्जात एक लपलेला रकाना ठेवला. माणसाला तो दिसत नाही; बॉटला मात्र सापडतो, तो सापडेल ते भरतो आणि तिथं अडकतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत भरलेला अर्जही बाद. मग योगेशच्या दुकानात बसून तिनं अर्जावर अर्ज भरून पाहिले. सगळे पोचले.

"आमचे घेतले म्हणे," भीमराव घुश्शातच म्हणाले. "माझा?"

"तुमचा काढला. वशिला नको ना?"



सोनम अजून बसनंच जाते. स्कूटीसाठी पगारातून साठवलेले पैसे बाबांच्या उजव्या कानातल्या यंत्रात गेले.