भर गर्दीत उठणारी साळूबाई

रविवारी पुण्याची माणसं पानशेतला लोटली, की धनाजीच्या हॉटेलातल्या दोन चुली थंड म्हणून होत नाहीत. एकीपुढं कोंडाबाई, दुसरीपुढं साळूबाई. भाकरी थापावी, तव्यावर टाकावी, आरावर फुगवावी, तोवर आतून ओरडा ठरलेलाच, "मावशी, भाकरी!"

आणि ऐन गर्दीत साळूबाई पिठाचे हात धुऊन चक्क उठायची. "आक्का, तवा बघा जरा," म्हणायची आणि हॉटेलामागं दिसेनाशी व्हायची.

कोंडाबाईला राग यायचा, पण रागापेक्षा नवल जास्त. कारण परतताना साळूबाईचा चेहरा चांगली झोप झाल्यासारखा असायचा. कोंडाबाईच्या तर झोपेतसुद्धा भाकरी करपायच्या. मग ही बया एवढ्याशा वेळात ताजीतवानी होते कशी? मिसरी लावते म्हणावं, तर मिसरीनं दात काळे होतात, जीव निवत नाही. मोबाईलवर बोलते म्हणावं, तर मोबाईल डब्याशेजारी पडलेला.

साळूबाई नगरकडची, ख्रिस्ती. नवरा गेनू पुण्याच्या एका साहेबाचा इथला बंगला राखायचा, म्हणून इकडं आलेली. पहाटे बंगल्याची झाडलोट, मग हॉटेल, संध्याकाळी पुन्हा बंगल्यावर स्वयंपाक. एवढं राबून तिचा आवाज कधी चढला नाही, आणि नेमकं हेच कोंडाबाईला पचत नव्हतं.

शेवटी एका रविवारी तिला राहवेना. भाकरी तव्यावर तशाच टाकून ती मागोमाग गेली. पाहते तर साळूबाई पाण्याच्या टाकीआड पालथ्या घमेल्यावर बसलेली. डोळे मिटलेले, हात मांडीवर उघडे.

"काय करतीस गं हितं?"

"काय न्हाई आक्का. माझ्या माहेरी आत्ता चर्चात उपासना चालू असंल. त्येंच्या संगं म्याबी प्रभूजवळ बसते."

"मागतीस काय त्याच्याकडं?"

"लई काय न्हाई. तुमी रानातनं लाकडाचा भारा आणता, तो आपला आपण उतरता येतो का?"

"न्हाई बा! मान मोडंल. कुणीतरी हात लावावा लागतो."

"तसंच हाय. जिवावरचा भारा येशू उतरून घेतो. म्या निस्ती त्याच्याम्होरं थांबते."

देव भारा उतरवायला येतो, हे कोंडाबाईनं कधी ऐकलं नव्हतं. ती आणखी खोदून विचारणार, तोच करपल्याचा वास आला.

दोन्ही तव्यांवर कोळसा झाला होता. धनाजी लालबुंद. "साळूमावशी, लई झालं तुमचं! उद्यापास्नं येऊ नका."

साळूबाई खाली मान घालून डबा उचलू लागली. बोलायला हवं होतं कोंडाबाईनं. पण हे काम सुटलं तर तिला तरी दुसरं कोण देणार होतं?

"धनाजी," ती शेवटी म्हणाली, "तवा तिनं माझ्या हवाली केला हुता. म्याच टाकून गेले, ती काय करती ते बघाय. काढायचं तर मला काढ."

बाहेर गिऱ्हाइकं ताटं वाजवत होती. "बसा, बसा चुलीपुढं!" धनाजी वैतागून ओरडला. "अन् उठायचं तर एका टायमाला एकीनंच उठा!"

साळूबाईनं तवे घासून पुन्हा चढवले. मग हळूच म्हणाली, "आक्का, आता तुमी जा."

"म्या? मला तुझा देव कुठं ठावा हाय? जाऊन करू काय?"

"काय करू नका. निस्तं बसा."

कोंडाबाई जाऊन घमेल्यावर बसली. बसली खरी, पण हात हवेतच भाकरी थापत होते. तेवढ्यात धनाजीची हाक आली, "कोंडामावशी, भाकरी!" ती सवयीनं ताडकन उठली. तोच साळूबाईचा आवाज आला, "आणते, आणते!"

कोंडाबाई पुन्हा खाली बसली. आपल्या नावाची हाक दुसऱ्या कुणी घ्यावी, असं तिच्या उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं. तिला घळाघळा रडू आलं, आणि डोळे तिनं पुसले नाहीत.