आमटीला कुणीच नाव ठेवलं नाही

हिंदी मुलखातल्या सोनागिरीच्या त्या मराठी वृद्धाश्रमात नीळकंठरावांचा विश्वास फक्त केशववर होता. एके काळी कारखान्याच्या वसाहतीतल्या गणेशोत्सवात केशव नाटकाचा नायक असे आणि नीळकंठराव पोलीस इन्स्पेक्टर. काय टाळ्या पडायच्या! पडदा पडला, वसाहत सुटली, पण इन्स्पेक्टर काही अंगातून उतरला नाही.

नायकाची मात्र फुप्फुसं थकली. केशवला धड उठवत नसे. नीळकंठरावच त्याला भरवत. करोनाची दुसरी लाट आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "याला बाधा झाली तर कठीण आहे." त्या दिवसापासून नीळकंठराव खोलीच्या दाराशी पहारा देऊ लागले.

फाटकावर सगळ्यांच्या कपाळाला यंत्र लावून ताप बघत. ताप कुणालाच नव्हता, म्हणून पुढची तपासणीही नव्हती.

"चोर काय वर्दी देऊन येतो?" नीळकंठराव व्यवस्थापक अलकाताईंना विचारत.

त्यांचा संशय फिरत फिरत पिंकीवर येऊन थांबला. खोल्या झाडणारी ही बाई रोज करोंद वस्तीतून, तिथल्या मंडीच्या बाजारगर्दीतून येई. त्यांनी भांडून तिचं आत येणं बंद करवलं. ती मागच्या अंगणात कपडे धुऊ लागली.

"दादाजी, मेरा मास्क तो नाक पे है. आपका?" ती एकदा म्हणाली.

"जास्त बोलू नकोस."

संध्याकाळी मनोहरपंत वगैरे मंडळींशी पत्ते खेळताना त्यांचा मास्क खिशात असे. ती तर आपलीच माणसं!

एका दुपारी पहिला घास घेताच केशवनं तोंड फिरवलं. "नील्या, आमटी करपलीय."

"नाटकं करू नकोस."

"अरे, वास बघ!"

नीळकंठरावांनी बोट बुडवून चाखलं. गरम लागलं, बाकी काहीच नाही. केशव जेवण टाळतोय, असं वाटून ते साक्षीदार शोधायला जेवणघरात गेले. तिथे सगळे मुकाट जेवत होते. मनोहरपंतांनी तर आमटी दुसऱ्यांदा घेतली. मीठ चिमूटभर कमी पडलं की जिथे नागपूरचं जेवण कसं असे यावर भाषणं होत, तिथे आज चकार शब्द नाही?

त्यांनी पातेल्यात डाव घातला. तळ कोळशासारखा काळा.

"करपली का हो सुचेताताई?"

"छे! वास तरी येतोय का?" स्वयंपाकीणबाई म्हणाल्या.

नीळकंठराव अंगणात गेले. "पिंकी, कसला वास येतोय गं?"

"जलने का. कल भी आ रहा था. मुझे लगा, आप मराठी लोगों को दाल ऐसी ही पसंद है."

त्यांनी दगडावरची साबणाची वडी उचलून नाकाला लावली. पुन्हा लावली. मग हळूच खाली ठेवली.

"अलकाताई," त्यांनी दुरूनच हाक मारली, "आजच्या आज सगळ्यांची तपासणी करवा. आधी माझी."

"पण ताप कुणालाच नाही, काका."

"वास तरी कुणाला येतोय?"

पिंकीला त्यांनी लांबूनच सांगितलं, "हात धू. नवी वाटी घे, दहीभात कालव आणि केशवला भरव. तुझी पण तपासणी करवू, पण आत्ता तो उपाशी आहे."

"मैं? अंदर?"

"हो, तूच."

आतून केशव ओरडला, "नील्या, कुठे मेलास?"

नीळकंठरावांचं पाऊल सवयीनं उंबरठ्याकडे वळलं आणि थबकलं.

"इथेच आहे रे," ते खिडकीपासून चार हात लांब उभे राहून म्हणाले. "पिंकी येतेय. तिच्या हातचं जेव. आणि मी दारात आलो, तर मला हाकलून दे."