उजव्या हाताचं हाड

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर म्हणते, "दाखव की मग तुझं भूत." माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. पण हा एक प्रसंग आठवला की माझी बोलती बंद होते...

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्यातल्या एका इस्पितळात रेकॉर्ड सेक्शनला कारकून होते. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेला रोग जाड इंग्रजी पुस्तकात शोधायचा आणि त्याचा नंबर चौकटीत टाकायचा, हे माझं काम. नंबर पडल्याशिवाय पेशंटला सुट्टी नाही.

एका सकाळी पारोळ्याकडची एक सासू, तिचा मुलगा आणि ओली बाळंतीण सून माझ्या टेबलाशी आली. सुनेच्या मांडीवर पोरगी. पोरीच्या उजव्या कोपराखाली दोनाऐवजी एकच हाड, मनगट अंगठ्याकडे वळलेलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं — जन्मजात, कारण अज्ञात.

"अज्ञात कसं? इन्ही गरहनमा इळीवर भाजी चिरी," सासू म्हणाली. "तेच लिखा."

"त्याला नंबर नाही," मी म्हटलं.

"ताई, ग्रहणात मी विळीला शिवलेसुद्धा नव्हते," सून हळूच बोलली. तशी सासूनं तिच्या अशी काही कानफटात मारली की पोरगी दचकून रडायला लागली. उजव्या हातानं मारली, चांगली सणसणीत. मी ओरडले. मुलगा मेला भिंतीकडे बघत उभा!

"दोन्हीस्ले जामनेरले धाडी देसूत," जाताना सासू म्हणाली. "पोऱ्याले दुसरी करसूत." आणि तसंच केलं त्या लोकांनी. सून पोरीला घेऊन माहेरी पडली.

वर्षभरानं तीच सासू परत आली. हात अचानक लुळा पडला म्हणे. बरोबर मुलगा आणि त्याची दुसरी बायको, पोटुशी. एक्स-रे काढला — उजव्या कोपराखाली एकच हाड! मार नाही, व्रण नाही, काही नाही. प्लेट बदलली असेल म्हणून डॉक्टरांनी स्वतः उभं राहून पुन्हा काढवून घेतला. तेच.

"मोडलेलं नाही, झिजलेलं नाही. हे हाड तयारच झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी 'जन्मजात' लिहिलं.

"अहो, या हाताची थप्पड मी डोळ्यांनी पाहिलीय!"

"मग तुम्हीच सांगा काय लिहू."

मी पुस्तक पुन्हा पुन्हा चाळलं. असलेलं हाड असं निघून जातं, याला नंबर नव्हता.

"बाई, जन्मजात नको लिखू," म्हातारी गयावया करू लागली. "या हातवर भाकरी थाप्यात मी."

मुलगा सगळं ऐकत होता. "म्हंजे खोट तुन्हीच शे," तो आईला म्हणाला. "मन्ही पोरमा तुन्हाकडथून उनी."

"पोरीची खोट आईकडून आली म्हणतोस, मग पहिलीला आण की परत," मी म्हटलं.

"तिना आते काय उपेग?" तो म्हणाला. आईची सावली पोटावर पडू नये म्हणून बायकोला आडोशानं बाहेर घेऊन गेला. मला वाटलं, टांगा बघायला गेला असेल.

मी 'जन्मजात'चाच नंबर टाकला. सुट्टी झाली. म्हातारी बाकावर बसून राहिली, कुणी आलं नाही.

तिचं हाड कुठं गेलं ते डॉक्टरांना कळलं नाही, मलाही आजतागायत कळलेलं नाही. संध्याकाळी मी खोलीला कुलूप लावत होते, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला ती विचारत होती, "मना पोऱ्या दखा का?" मलाही विचारलं. मी किल्ली पिशवीत टाकली आणि घरी गेले.