मागे धरलेली खुर्ची

आमच्या गल्लीतल्या मंडपवाल्या भाऊंनी मला लोणारचं सरोवर दाखवलं. इथल्या माणसाला हे वाचून हसू येईल. सरोवर गावाला लागून आहे, त्यात दाखवायचं काय? पण मला दाखवावं लागलं, आणि ते त्यांनी दाखवलं. आधी एवढं लिहून ठेवतो. बाकीचं सांगता सांगता काही राहून गेलं तरी हे राहायला नको.

मी कोल्हापूर जिल्ह्यातला, आजऱ्याकडचा. आठवीत शाळा सुटली आणि बेकरीत लागलो. खारी, टोस्ट, नानकटाई, एवढीच माझी विद्या. एका बेकरीतून दुसऱ्या बेकरीत असं करत करत, ओळखीच्या ओळखीने इथे लोणारला आलो. गावाकडे पाऊस आणि धुकं, इथे ऊन. आलो तेव्हा वाटलं, वर्षभर काढू आणि जाऊ.

मग भट्टीसमोर उभं राहिलं की पाय माझे वाटेनात. जमीन पायाखाली आहे हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागे. बाहेर गार वाऱ्यात येऊन बसलो की हळूहळू परत यायचे. मालक म्हणाले अशक्तपणा आहे, आणि त्यांनी मला अंडी खायला लावली. मग एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे कुणी बटर पेपर धरावा तसं झालं. चोळला, धुतला, पेपर काही जाईना. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात मशीनमध्ये घातलं आणि मग नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतून अंगभर ज्या नसा जातात त्यांच्यावरचं आवरण झिजतं, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. उष्णतेने त्रास वाढतो म्हणाले. डोळा बराचसा सुधारला, सगळा नाही. पुन्हा झटका येईल का, कधी येईल, कुठला अवयव धरेल, हे विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी ते फार चांगल्या तऱ्हेने सांगितलं, पण मी अजून त्या वाक्यातच राहतो.

मालकांनी मला भट्टीवरून काढून पॅकिंगला बसवलं. घालवून दिलं नाही, हे त्यांचे उपकार. खोलीही बेकरीच्या मागेच, रस्त्याच्या पातळीला, उंबरासुद्धा नाही. गावाकडचं आमचं घर चढावर आहे. जांभ्याच्या पायऱ्या, त्यावर शेवाळ. आई फोनवर म्हणते, "ये की रे, मी हाय न्हवं." तिला पायऱ्यांची आठवण मी करून देत नाही. ती पुढे विचारते, "तिथलं ते तळं बघितलंस काय? टीव्हीवर दाखवत्यात." मी म्हणतो, "बघायचंय अजून."

ते खरंच बघायचं होतं. धडधाकट होतो तेव्हा रात्रपाळी असायची आणि दिवसा झोप. तळं काय, कुठे पळून जातंय, असं वाटायचं. आता पाय अडवत होते, आणि डावा डोळा तेवढा लख्ख होता. तोही जायच्या आत एकदा कडेला जाऊन बघायचं, एवढंच मनात घेऊन बसलो होतो. ऑटो रस्त्यापर्यंत नेतो, पण पुढची वाट दगडांची. मध्ये पाय गेले तर टेकायला काही नाही. शिवाय मला लघवी धरवत नाही. बाहेर जायचं म्हटलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायचो, आणि मग भीतीनेच जायचं रद्द करायचो. कुणी विचारलं काय झालंय, तर नाव सांगून उपयोग नसे. "म्हणजे लकवा का?" असं विचारत. मी "हो" म्हणून मोकळा व्हायचो. ज्या रोगाचं नाव गावात कुणी ऐकलेलं नाही, तो रोग एकट्यालाच झाल्यासारखा असतो.

भाऊंचं मंडप डेकोरेशनचं गोडाऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. एकदा त्यांच्या दारात माझे पाय गेले. पडलो नाही, भिंत धरून राहिलो. ते आत वायरी गुंडाळत होते. त्यांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून माझ्यामागे ठेवली आणि म्हणाले, "बस न बे." बसलो. त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच पूर्ण नाव घेतलं. ते ऐकून हातातल्या वायरीकडे बघत म्हणाले, "म्हंजे वायरवरचं प्लॅस्टिक गेलं. करंट हाय, पन मधातच गळते. हाव?"

"हो."

"अन् गरम झालं की जास्तीचं गळते."

"हो भाऊ."

"मंग लकवा काऊन सांगतं लोकाइले?"

मी उठलो तर तेही उठले. एका हाताने खुर्ची उचलून माझ्यामागून चालू लागले. मी म्हणालो, नको हो, लोक बघतील. "पाहू दे. चाल तू. थकला की बस, मांगं खुर्ची हाय." तेव्हापासून संध्याकाळी काम नसलं की ते खुर्ची घेऊन येत आणि मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येई. मला "कोल्हापूर" म्हणूनच हाक मारत. पोरं हसायची, "पाहा, राजाची सवारी!" तर भाऊ त्यांना म्हणत, "राजा हाय तो. तुमच्या लग्नात खुर्च्या लागतीन तवा या माह्याकडं, मंग पाहातो."

मधल्या काळात दवाखान्यातल्या बाईंनी माझा नंबर एका ताईंना दिला. त्या बुलढाण्याला एका कचेरीत नोकरी करतात. त्यांना हाच आजार, व्हीलचेअरवर आहेत. जिल्ह्यातली सापडली तेवढी माणसं जोडून त्यांनी फोनवर ग्रुप केला होता. मोताळ्याकडचे एक काका, कापूस-सोयाबीनवाले. जळगाव जामोदची कॉलेजातली एक मुलगी. आणखी दोघं-तिघं. सकाळी कुणीतरी लिहायचं, "आज हात जड." दुसरं लिहायचं, "माझेही." एवढंच वाचून मी पॅकिंगला बसत असे. त्या ग्रुपवर ताईंनी सहल काढली. सगळे लोणारला यायचे, सरोवराच्या कडेला बसायचं, डबे खायचे. फेब्रुवारी, ऊन चढायच्या आत. पायऱ्या नाहीत अशी जागा. आणि ताईंचा पहिला प्रश्न मला होता, "तू गावात आहेस ना? कमोड कुठे आहे ते आधी बघ. पाणी तोडून कुणी यायचं नाही." तो मेसेज मी कितीदा तरी वाचला. माझ्यासारखीच पाणी तोडणारी माणसं जिल्हाभर होती तर.

भाऊ आणि मी दोघांनी मिळून जागा ठरवली; ते हिंडून बघून यायचे, मी फोनवर ताईंना कळवायचो. कडेजवळच्या एका विश्रामगृहाचा संडास उघडून घेतला. सगळं नीट जमलं होतं. आणि इथेच घोटाळा झाला. गावातल्या एका मंडळाला बातमी लागली. बाहेरगावाहून आजारी माणसं आपलं सरोवर बघायला येणार, म्हणजे त्यांचा सत्कार झालाच पाहिजे. शाल, श्रीफळ, हार, माईक, आणि प्रमुख पाहुणे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट मला आजवर कुणी हार घातला नव्हता, म्हणून मी आतून हरखलोही होतो. मंडप भाऊंनाच सांगितला. भाऊ मला म्हणाले, "कपडा लावून राह्यलो, पन कपड्याखाली हवा कोंडते. झाडाखाली घ्या म्हनलं, तर म्हने फोटो चांगला येत नाही."

त्या दिवशी सगळे वेळेत आले. ताई व्हीलचेअरवर, त्यांचा सख्खा भाऊ गाडी घेऊन. काठी टेकत मोताळ्याचे काका. जामोदची मुलगी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून. फोनवरची माणसं पहिल्यांदाच समोर आली. काका म्हणाले, "तू तर चांगला दिसतं बे." मी म्हणालो, तुम्हीही. मग आम्ही दोघं हसलो, कारण हे वाक्य ऐकून ऐकून दोघांचेही कान किटले होते.

आम्हाला मंडपात ओळीने बसवलं. मंडप आम्ही ठरवलेल्या जागी नव्हता, पाहुण्यांच्या गाड्या लागाव्यात म्हणून बराच अलीकडे घातला होता; सरोवर तिथून दिसत नव्हतं. पुढे चढ होता, त्याच्या पलीकडे. प्रमुख पाहुणे निघालेत असं सांगितलं. मग मेहकरपर्यंत आलेत असं सांगितलं. माईकवर एक गृहस्थ बोलत राहिले. सरोवर उल्केमुळे कसं झालं ते सांगितलं, ते संपलं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ऊन चढलं. मंडपाचा लाल कपडा तापला आणि खाली सगळं लाल झालं. जामोदच्या मुलीची मान एका बाजूला कलली, वडिलांनी तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. माझे पाय आधी गेले. मग उजव्या डोळ्यापुढे तो बटर पेपर परत आला. मी डावा झाकून उजव्याने बघितलं, उजवा झाकून डाव्याने. डावाही थोडा धुरकट वाटला. उन्हाने आहे, गार झालं की जाईल, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्या घटकेला तिथे बसणं वेगळं. मनात एकच, आजच जाणार हा डोळा, चढाच्या अलीकडे बसून. उठावं तर हार घालायला आलेल्या लोकांचा अपमान. मी हात मांडीखाली दाबून बसलो.

भाऊ माईकची वायर बघायला वाकत वाकत माझ्याजवळ आले. "कोल्हापूर, पानी पाह्याचं का भाषन आयकाचं?"

"लोक काय म्हणतील?"

"लोक माह्या खुर्च्याइवर बसेल हायेत. उठ."

मी ताईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता. त्यांच्याच नावाने सगळा कार्यक्रम, त्यांना हलणं शक्य नव्हतं. आणि चढावर व्हीलचेअर जायलाही जागा नव्हती. त्या हळूच म्हणाल्या, "तू जा. विचारलं तर सांगते, लघवीला गेलाय. ह्या एका कारणाला कुणी अडवत नाही."

भाऊंनी गळ्यातला टॉवेल पाण्याच्या जारमध्ये बुडवून माझ्या मानेवर टाकला. खुर्ची उचलली. थोडं चालायचं, बसायचं. परत थोडं. चढावर खुर्ची डुगडुगायची, तर ते खालच्या बाजूला उकिडवे बसून तिचे मागचे दोन पाय हातांनी धरून ठेवायचे. त्यांचे गुडघे कटकट वाजायचे. आयुष्यभर लोखंडी पाईप वाहिलेले गुडघे. मागून माईकवर पाहुणे आल्याची गडबड ऐकू येऊ लागली. मग एकेकाचं नाव पुकारायला लागले. माझं नाव घेतलं, पुन्हा घेतलं. तेव्हा मी शेवटच्या टप्प्यावर बसलो होतो आणि माझ्यासमोर सरोवर होतं.

एवढं खोल असेल असं वाटलं नव्हतं. भोवती झाडीचं कडं, आणि तळाशी हिरवं, जाड वाटणारं पाणी, हलत नसलेलं. खाली कुठेतरी मोर ओरडला. वाऱ्याने मान गार होत गेली आणि डाव्या डोळ्यातला धूर हळूहळू विरला. काठावरची एक जुनी देवळाची भिंत दिसायला लागली, मग तिच्यातले दगड वेगळे दिसायला लागले. मी एकेक दगड बघत बसलो. फोन काढला. आईला सांगावं वाटलं. पण तिला कळेल असं काय सांगणार होतो? बघितलं, म्हणून सांगितलं असतं आणि तिने "बरं झालं" म्हटलं असतं. फोन परत खिशात ठेवला. एवढ्या मोठ्या खड्ड्याच्या कडेला बसल्यावर माणूस आहे त्याहून लहान होतो. माझ्या मागे फक्त भाऊ होते, तेही पाण्याकडे न बघता, मान खाली घालून, खुर्चीचे पाय धरून.

"तुम्हीबी बघा की भाऊ."

"मी लहानपनापासून पाह्यलं. तू पाह्य. मी उठलो तं तू गडगडशीन खाली." मग म्हणाले, "तुह्या गावाले काय हाय पाहाले?"

मी म्हणालो, धुकं. पावसाळ्यात चार-चार दिवस समोरचं माणूस दिसत नाही.

"मंग पाहाले काय हाय बे?" म्हणून ते एवढे हसले की खुर्ची हलली आणि मी ओरडलो.

आम्ही खाली आलो तेव्हा पाहुणे गेले होते. माझी शाल ताईंच्या मांडीवर होती. ताईंना बोलता येत नव्हतं, जीभ जड झाली होती. त्यांचा भाऊ त्यांना उचलून गाडीत बसवत होता. त्यांनी भुवया उंचावल्या, म्हणजे, बघितलंस का? मी मान डोलावली. सांगायला बसलो असतो तर त्यांना आणखी उन्हात ठेवावं लागलं असतं. गाडी निघाली. त्यांनी सरोवर बघितलं नाही. पुढचे काही दिवस ग्रुपवर त्यांचं काही आलं नाही, आणि मग आलं ते एकच वाक्य, "पुढच्या वेळी मंडप नको." त्यावर काकांनी हसरा चेहरा टाकला. पुढची वेळ अजून ठरलेली नाही.

आता लग्नसराई आहे. भाऊंच्या सगळ्या खुर्च्या गावोगावी गेल्या आहेत आणि तेही. संध्याकाळी गल्ली मोठी वाटते. जाताना त्यांनी एक खुर्ची माझ्या खोलीत ठेवली, म्हणाले, "हे मोजत नाही मी." मी ती दारात ठेवून बसतो, पण तिच्या मागे कुणी नसलं की तिच्यावरून उठायचा धीर होत नाही. परवा ते घाईत दिसले, गुडघ्याला पट्टा बांधलेला.

भाऊ, माझे पाय राहतील का डोळा राहील, मला सांगता येत नाही. मला खुर्ची उचलता येईल असं काही नाही. पण मी एकदा तुम्हाला आमच्याकडे नेणार. आमच्या घराच्या पायऱ्यांखाली जांभ्याचा एक सपाट कट्टा आहे. तिथे तुम्हाला खुर्चीवर बसवीन, मी मागे जमिनीवर बसेन आणि दोन्ही हातांनी तिचे पाय धरीन. धुक्यात दिसणार काही नाही. तुम्ही समोर बघत बसा, हवा तेवढा वेळ. मी सोडणार नाही.