गायकवाडकाकांची नोंद

मंडळी,

ऐंशी सालापासून आपली ही वही घरोघर फिरते आहे. सध्या काय वाचतोय ते प्रत्येकाने लिहायचं आणि वही पुढच्या घरी द्यायची. आज मात्र मी पुस्तकाबद्दल लिहिणार नाही. दुपारी जे घडलं तेच सांगते.

गायकवाडकाकांनी गेल्या वेळी एका प्रवासवर्णनाबद्दल इतकं सुंदर लिहिलं होतं की ते मागायला मी त्यांच्या घरी गेले. काकांनी छापखान्यात तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. आपल्यात सर्वांत जास्त वाचणारे तेच.

मी पुस्तक मागितलं. त्यांची मुलगी रत्ना म्हणाली, "ताई, पुस्तक घरात नाही. बाबांनी ते फार पूर्वी वाचलंय. वर्ष झालं, त्यांना अक्षर दिसत नाही. ते आठवून सांगतात आणि मी लिहिते."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आता काही होणार नाही म्हणाले," काकाच बोलले. "तुमच्यातून उठायचं नव्हतं, म्हणून खोटं लिहीत राहिलो. आता आठवणीतलंही संपत आलंय."

मी म्हटलं, दर रविवारी येऊन वाचून दाखवते. पिशवीतली कादंबरी काढून लगेच सुरुवातही केली. दोन पानं झाली आणि त्यांनी हात वर केला.

"राहू द्या ताई. मला तुमचा आवाज ऐकू येतोय, पुस्तक नाही. माझं नाव काढून टाका वहीतून."

घरी येऊन वहीतल्या नावांच्या यादीपुढे तासभर पेन घेऊन बसले. माझ्याच्याने नाव खोडवलं नाही. तुमच्यापैकी कोणाला जमेल?