एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद

ऑफिसात माझ्या हुद्द्याचं नाव इतकं लांब आहे की त्याचा अर्थ मला घरी कुणालाच नीट सांगता आलेला नाही. पूर्वी मी प्रोग्राम लिहायचो. आता दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामांवर मीटिंगमध्ये मान हलवतो. आईच्या मते मी ‘कंप्यूटरातला मोठा साहेब’ आहे, आणि हा तिचा समज मी कधी खोडून काढायला गेलो नाही.

आई बेळगावहून आमच्याकडे बसवनगुडीला राहायला आली ती हातांना कंप सुटल्यावर. कंपाबरोबर तिचा आवाजही बारीक झाला. तिच्या खोलीतून मारलेली हाक दारापर्यंतसुद्धा पोचायची नाही. बायको शाळेत शिकवते, ती दुपारनंतर येणार. मी ऑफिसचं काम घरूनच करतो, म्हणजे दिवसभर घरीच, पण कानांवर हेडफोन. काही हवं असलं की आई चमच्यानं तांब्या वाजवायची, आणि मला ढिम्म ऐकू यायचं नाही. एकदा तिला पंखा कमी करून हवा होता. तांब्या वाजवून दमल्यावर ती उठली, भिंत धरत धरत माझ्या खोलीत आली आणि माझ्या मागं उभी राहिली. मी साहेबासारखा बोलत होतो. माझं बोलणं संपेपर्यंत ती कुडकुडत तशीच उभी.

त्या संध्याकाळी मी बायकोला म्हटलं, “आईच्या उशाशी बटण बसवतो. तिनं दाबलं की माझ्या टेबलावर लाल दिवा लागेल. मी तिच्याकडे गेलो की तिनं पुन्हा दाबायचं, दिवा बंद.”

“दुकानात बेल मिळते की,” बायको म्हणाली. ती पुण्याची आहे.

“हेडफोनमध्ये बेल ऐकू येत नाही. आणि हे मी स्वतः करणार आहे.”

“अच्छा,” ती म्हणाली. तिच्या ‘अच्छा’मध्ये बराच मजकूर असतो.

चामराजपेटच्या पुढं मार्केटकडे सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथून एक संच आणला. एक छोटा बोर्ड, बटण, दिवा, वायर. प्रोग्राम टाईप करायची गरजच नाही, स्क्रीनवर रंगीत ठोकळे असतात, ते एकमेकांत अडकवायचे. खोक्यावर दात काढून हसणारा यंत्रमानव होता. “मक्कळिगा, सर?” दुकानदारानं कन्नडमध्ये विचारलं. मुलांसाठी का, म्हणून. मी “हौदु, हौदु”, हो, हो, म्हणून मोकळा झालो. आमचा मुलगा हैदराबादला नोकरीला आहे आणि त्याला दाढी आहे.

घरी येऊन ठोकळे जुळवले. सर्वांत बाहेर ‘सतत करत राहा’. त्याच्या पोटात ‘बटण दाबलेलं असेल तर’. त्याच्याही पोटात ‘दिवा चालू असेल तर बंद कर, बंद असेल तर चालू कर’. इतकं देखणं काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. बायकोला हाक मारली आणि ऐटीत बटण दाबलं. दिवा फडफडायला लागला. बोट उचललं तेव्हा तो विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा फडफड. या वेळी लागून राहिला.

“लागतो का मग?” बायकोनं विचारलं.

“कधी कधी.”

“दिवाळीत बाहेर लावू या.”

घोटाळा साधा होता. आपलं बोट क्षणभर बटणावर असतं, पण तेवढ्यात प्रोग्राम असंख्य फेऱ्या मारून येतो आणि प्रत्येक फेरीत दिवा उलटवतो, चालूचा बंद, बंदचा चालू. हे ज्ञान मी नव्या मुलांना वर्षानुवर्षं पाजत आलोय. मग दिवा उलटवल्यावर ‘बोट उचलेपर्यंत थांब’ असा ठोकळा घातला. आता एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. मी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं, जरा जास्तच.

रविवारी सकाळी वायर भिंतीच्या कडेनं नेऊन बटण आईच्या पलंगाला लावलं. प्रात्यक्षिकासाठी दिवाही तात्पुरता तिथंच आणला.

“काय कराय पायजे मी?” आईनं विचारलं.

“फक्त दाब.”

तिनं दाबलं. दिवा लागला, विझला, लागला, विझला. विझलेलाच राहिला. तिनं परत दाबलं. तेच.

“आई, जरा नीट दाब ना!” मी म्हणालो.

आईनं हात मागं घेतला. माझ्याकडं बघितलं, आणि रागावली असती तर बरं झालं असतं अशा सुरात म्हणाली, “नीट दाबाय येत असतं तर हे बटण कशाला पायजे होतं रे?”

बायको खिडकीचा पडदा सारखा करत राहिली.

मी जमिनीवर पलंगाला टेकून बसलो आणि आईला म्हटलं, तुला जमेल तसं दाब, मी नुसतं बघतो. पहिल्यांदाच मी तिच्या हाताकडं इतका वेळ बघत होतो. बोट बटणावर टेकायचं, किंचित उचललं जायचं, परत टेकायचं. तिच्या लेखी ते एकच दाबणं होतं. माझा प्रोग्राम मात्र प्रत्येक थरथर नवी म्हणून मोजत होता. म्हणजे मी ते बटण माझ्याच बोटासाठी बनवलं होतं.

मग एक ठोकळा वाढवला: दिवा एकदा उलटला की काही सेकंद बटणाकडं बघूच नकोस. लहान बटण काढून पुरीएवढं मोठं बसवलं.

आईनं दाबलं. दिवा लागला. तिचं बोट वर थरथरत होतं, पण दिवा जागचा हलला नाही.

“लागला की!” ती म्हणाली. थोडं थांबून परत दाबलं, विझला. मग बराच वेळ तिनं कुणाला बटणाजवळ येऊ दिलं नाही.

सोमवारी ऐन मीटिंगमध्ये टेबलावर लाल दिवा पेटला. मी खुर्ची मागं ढकलून पळालो, दारात गुडघा आपटला, लंगडत तिच्या खोलीत शिरलो. “काय झालं?”

“काय नाही. तू येतोस काय ते बघाय लागले होते.”

त्यानंतर ती बिनधास्त बोलवायला लागली. कधी उद्या एकादशी आहे का हे विचारायला, कधी खाली भाजीवाला आलाय हे सांगायला. ऑफिसातल्यांना दिव्याची सवय झाली. काम का रखडलं असं वरिष्ठ विचारत असताना तो लागला, तर मी तत्परतेनं उठायचो.

अशाच एका सकाळी दिवा लागला म्हणून मीटिंगमधून उठून गेलो, तर आईनं एक संत्रं सोललेलं होतं. एकटीनं. चादरभर सालीचे तुकडे, बोटांवरून रस ओघळलेला, फोडींचा चेंदामेंदा.

“बस की स्वल्प,” ती म्हणाली. “खा.”

मी बसलो आणि सगळ्या फोडी खाल्ल्या. तिकडं मीटिंग माझ्यावाचून उत्तम पार पडली, असं नंतर कळलं.